कोडिंग राउंडची ४५ मिनिटं : उत्तर बरोबर, तरी 'नाही' का येतं?

शून्यापासून
सॉफ्टवेअर नोकरीच्या मुलाखतींच्या तयारीवरच्या चर्चा बहुतेक वेळा 'किती प्रश्न सोडवले' इथेच येऊन थांबतात. तीनशे सोडवले, पाचशे सोडवले. पण प्रश्न सुटूनही नकार येतो, आणि उत्तर अर्धवट राहूनही माणूस पुढच्या राउंडला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. तर मुलाखती घेणाऱ्यांनी इथे तपशिलात लिहावं: समोरचा नेमकं काय टिपून घेतो, वेळ कुठे वाया जातो, कुठे माणूस गळतो. 'माझी निवड कशी झाली' या कहाण्या कृपया नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

ठोकळ क्रम सगळ्यांना ठाऊक आहेच, तरी नवख्यांसाठी: रिक्रूटरचा (कंपनीसाठी उमेदवार शोधणाऱ्याचा) २०-३० मिनिटांचा फोन, मग ऑनलाइन परीक्षा किंवा एक तांत्रिक कॉल, मग एकाच दिवशी नाहीतर दोन-तीन दिवसांत विभागून चार-पाच राउंड. त्यात दोन-तीन कोडिंगचे, अनुभवी उमेदवाराला एक सिस्टिम डिझाइनचा (एखादी मोठी सेवा कशी उभारायची, त्याचा), आणि एक वागणूक-अनुभवाचा. शेवटी सगळे मुलाखतकार आपापले अभिप्राय समोर ठेवून निर्णय घेतात.

लॉगवाचक
मुद्दा त्या शेवटच्या वाक्यातच आहे. मुलाखतकाराला नंतर एक फॉर्म भरायचा असतो. नावं कंपनीगणिक वेगळी, पण रकाने साधारण चारच: प्रश्नाची फोड कशी केली, कोड कसा लिहिला, बोलणं कळलं का, आणि स्वतःचं काम स्वतः तपासलं का. प्रत्येक रकान्यात नुसतं 'चांगला' लिहून चालत नाही, पुरावा लागतो. 'ऋण संख्या येतील का हे आपणहून विचारलं', 'लूपच्या शेवटच्या फेरीतली चूक स्वतः पकडली', असं.

उमेदवाराने पाचव्या मिनिटाला कोड सुरू केला, पंचविसाव्याला संपवला आणि 'झालं' म्हणून गप्प बसला, तर कोडचा रकाना भरतो आणि बाकीचे तीन कोरे राहतात. कोरा रकाना म्हणजे शून्य गुण नव्हेत, पण बैठकीत त्या उमेदवाराच्या बाजूने बोलायला मुलाखतकाराकडे काही उरत नाही. बरोबर उत्तरावर 'नाही' येतं त्यातलं बरंचसं असं येतं.

४५ मिनिटांचा हिशेब: ओळख आणि शेवटचे तुमचे प्रश्न यांत १० जातात. उरलेल्या ३५ पैकी प्रश्न समजून घ्यायला ४-५, पद्धत ठरवायला ७-८, कोडला १५, तपासायला ६-७. म्हणजे कोडला वेळ निम्म्याहून कमी. घरी सराव करताना सगळा वेळ कोडवर जातो, आणि तिथेच सवय बिघडते.

तिसरी फांदी
उदाहरणाशिवाय हे हवेतलं राहील. एक नेहमीचा प्रश्न घेऊ: पूर्णांकांचा ॲरे (क्रमाने मांडलेली यादी) दिलाय, एक संख्या के दिलीय. ज्याची बेरीज बरोबर के येते असा सलग तुकडा शोधा, जास्तीत जास्त लांबीचा. फक्त लांबी सांगा.

हे वाचताच बरेच जण स्लायडिंग विंडोकडे धावतात: उजवीकडून वाढवत जा, बेरीज के-पेक्षा मोठी झाली की डावीकडून कमी करा. सगळ्या संख्या शून्य किंवा धन असतील तर हे बरोबर चालतं. ऋण संख्या असतील तर कोसळतं, कारण डावीकडचा घटक काढल्यावर बेरीज कमीच होईल याची खात्री राहत नाही.

ॲरे घ्या: १, -१, ५, -२, ३ आणि के = ३. पहिल्या चार घटकांची बेरीज ३, म्हणजे उत्तर ४. आता विंडो चालवून बघा. १ घेतला, बेरीज १. -१ घेतला, बेरीज ०. ५ घेतला, बेरीज ५, मोठी झाली म्हणून १ काढला तर ४, -१ काढला तर पुन्हा ५, ५ काढला तर ०. मग -२, मग ३ घेऊन १. बेरीज एकदाही ३ होत नाही, म्हणजे विंडोचं उत्तर शून्य.

म्हणून पहिला प्रश्न: 'यात ऋण संख्या असू शकतात का?' हे एक वाक्य दोन वेगळ्या गणितांमधली निवड आहे. मुलाखतकार पुष्कळदा ही माहिती मुद्दामच देत नाही.

उत्तर 'हो' आलं तर प्रीफिक्स सम आणि हॅशमॅप (कोणती बेरीज कुठे आली ते चटकन सापडणारी नोंदवही). सुरुवातीपासूनची बेरीज करत जा. प्रत्येक ठिकाणी 'आत्ताची बेरीज वजा के' ही बेरीज आधी कुठे आली होती का ते मॅपमध्ये बघा. आली असेल तर दोन इंडेक्समधलं (घटकांच्या शून्यापासून मोजलेल्या क्रमांकांमधलं) अंतर म्हणजे लांबी. इथे दोन चुका ठरलेल्या आहेत:

१. मॅपमध्ये सुरुवातीला 'बेरीज ०, इंडेक्स -१' ही नोंद घालायला विसरणं.
२. तीच बेरीज पुन्हा आली की जुना इंडेक्स पुसून नवा लिहिणं. सर्वांत लांब तुकडा हवा, म्हणून पहिलाच इंडेक्स जपायचा.

वरच्या ॲरेवर यातली कुठलीही एक चूक केली तर उत्तर ४ ऐवजी २ येतं. -१ या घटकाशी बेरीज परत शून्य होते, आणि लांबी तिथून मोजली जाते. म्हणूनच हा ॲरे तपासणीला चांगला आहे. १, २, ३ असा सरळ ॲरे घेऊन के = ३ तपासलं तर उत्तर २ बरोबर येतं आणि दुसरी चूक दिसतच नाही.

शून्यापासून
उत्तम! पुढचा प्रश्न: ब्रूट फोर्स (सगळ्या शक्यता एकेक तपासणारं सरधोपट उत्तर) नुसतं सांगायचं की लिहायचं? दोन्ही सल्ले वाचायला मिळतात.

अर्धविराम
सांगायचं, लिहायचं नाही. दोन वाक्यं पुरतात (एन म्हणजे घटकांची संख्या, एन स्क्वेअर म्हणजे तिच्या वर्गाइतक्या क्रिया): 'प्रत्येक सुरुवात आणि प्रत्येक शेवट घेऊन बेरीज केली तर एन स्क्वेअर लागतो. त्यात सुरुवातीपासूनची तीच बेरीज पुन्हा पुन्हा होतेय, ती साठवता येईल.' दुसरं वाक्य महत्त्वाचं. नुसतं 'हे हळू आहे' म्हणण्यापेक्षा नेमकं कोणतं काम वाया जातंय ते सांगितलं की पुढची पद्धत तिथूनच निघते.

अपवाद एकच. १२-१३ मिनिटं गेली आणि चांगली पद्धत सुचत नाहीये, तर 'आधी हे चालणारं लिहितो, मग सुधारतो' असं सांगून ब्रूट फोर्स लिहायला घ्या. कोरा पडदा हा सर्वांत वाईट निकाल.

आणि एन किती मोठा आहे हे विचाराच. कंपाइल होणाऱ्या भाषेत सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया धरतात, पायथनमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याइतक्या. त्यावरून उलटा अंदाज लागतो. एन २० च्या आसपास असेल तर सगळे उपसंच तपासले तरी चालतात (२ चा २० वा घात म्हणजे जेमतेम साडेदहा लाख). एन ५०० असेल तर तीन लूप एकात एक चालतील. ५,००० असेल तर एन स्क्वेअर. १ लाख म्हटलं की एन स्क्वेअर विसरा, ते १,००० कोटी होतात. तिथे एन लॉग एन किंवा त्याहून कमी. मर्यादेचा आकडा हा फुकटचा इशारा असतो, आणि तो न विचारणारे बरेच असतात.

स्टॅकओढ
सगळं मान्य, पण 'सतत बोलत राहा' हा सल्ला माझ्या मते अर्धा चुकीचा आहे. अखंड बडबड करणाऱ्याचा कोड बिघडतो, कारण डोकं दोन कामं करत असतं. मुलाखतकारालाही त्यातून काही लिहून घेता येत नाही. 'आता मी फॉर लूप लिहितोय, आता आय बरोबर शून्य' हे पडद्यावर दिसतंच की.

बोलायच्या जागा ठरलेल्या आहेत: निवड करताना (हे का, ते का नाही), गृहीत धरताना (ॲरे रिकामा नाही असं धरतो, चालेल ना?), आणि दिशा बदलताना. मधल्या वेळात 'मला एक मिनिट विचार करू द्या' म्हणायला काहीच हरकत नाही. फक्त ते म्हणा. न सांगता दोन-तीन मिनिटं शांतता पसरली की समोरच्याला वाटतं गाडी अडकली, आणि तो इशारा देऊन मोकळा होतो. मग तो इशारा तुमच्या नावावर चढतो.

लॉगवाचक
स्टॅकओढ यांच्याशी सहमत. इशाऱ्यांबद्दल थोडी भर: इशारा घेतला म्हणजे गुण गेले असं नाही. इशारा ऐकूनही जुन्याच वाटेने जाणं हे मात्र हमखास नोंदलं जातं. 'इथे क्रम महत्त्वाचा आहे का?' असं समोरून आलं तर तो सहज विचारलेला प्रश्न नसतो हो! हात थांबवा आणि त्या वाक्याचा अर्थ लावा.

आता तपासणी, जी सगळ्यांची कच्ची असते. लोक स्वतःचा कोड वाचताना मनात जे लिहायचं होतं तेच वाचतात. उपाय रटाळ आहे: कोडखाली कॉमेंटमध्ये व्हेरिएबल्सचा तक्ता करायचा (इंडेक्स, बेरीज, मॅप, उत्तर) आणि चार-पाच घटकांच्या ॲरेवर एकेक ओळ चालवून आकडे भरायचे. कर्सर त्या ओळीवर ठेवायचा, म्हणजे डोळा पुढे पळत नाही. मग रिकामा ॲरे, एकच घटक, सगळे घटक सारखे, उत्तरच नाही, या चार गोष्टी तोंडी.

भाषेगणिक सापळेही वेगळे. ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांकाच्या नेहमीच्या प्रकारात) कमाल २,१४,७४,८३,६४७ मावतात, म्हणजे साधारण २१४ कोटी. घटक १०० कोटींपर्यंतचे आणि एन १ लाख असेल तर बेरीज सहज त्यापुढे जाते, तिथे लाँग (मोठा पूर्णांक) हवा. बायनरी सर्चमध्ये (क्रमवार यादी दर वेळी निम्मी करत शोधताना) मधला इंडेक्स काढायला (लो अधिक हाय) भागिले दोन, म्हणजे दोन टोकांची बेरीजच इंटमध्ये न मावणं, हीच चूक जावाच्या प्रमाणित लायब्ररीत कित्येक वर्षं होती, ती २००६ मध्ये चव्हाट्यावर आली. सुमारे १०७ कोटी घटकांच्या पुढेच ती दिसते म्हणून इतकी लपली. लो अधिक (हाय वजा लो) भागिले दोन लिहा, आणि का लिहिलं तेही सांगा.

पायथनवाल्यांना इंट मावण्याची काळजी नाही, पण रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची) मर्यादा मुळात १,००० आहे, त्यामुळे एका बाजूला वाढलेल्या खोल ट्रीवर कोड पडतो. आणि लिस्टचा पहिला घटक काढला की बाकीचे सगळे सरकतात, म्हणून क्यूसाठी (रांगेसाठी) डेक (दोन्ही टोकांना काढता-घालता येणारी यादी) वापरा.

शून्यापासून
सिस्टिम डिझाइनबद्दल कुणी लिहील का? तिथे तर बरोबर उत्तर असं काही नसतंच.

तिसरी फांदी
बरोबर उत्तर नसतं, पण चुकीचं नक्की असतं. बहुतेक जण पहिल्या दोन मिनिटांत चौकोन काढायला लागतात: लोड बॅलन्सर (सर्व्हरांत भार वाटणारा), कॅश (नेहमी लागणारी माहिती हाताशी ठेवणारी), क्यू. कशासाठी, ते अजून ठरायचंच असतं. आधी आकडे हवेत.

लांब पत्त्याची छोटी लिंक करून देणारी सेवा घ्या. प्रश्न घासून गुळगुळीत झालाय, पण आकडे शिकायला बरा. समजा रोज १ कोटी नव्या लिंका. दिवसात ८६,४०० सेकंद, तोंडी हिशेबाला १ लाख धरा. म्हणजे सेकंदाला शंभरेक नव्या नोंदी. एवढ्याला डेटाबेसचे तुकडे करायची गरज नाही. वाचन शंभरपट धरलं तर सेकंदाला १०-१२ हजार, आणि गर्दीच्या वेळी त्याच्या काही पट. म्हणजे कॅश वाचनासाठी हवी. एक नोंद ५०० बाइटची धरली तर दिवसाला ५ जीबी, दहा वर्षांत १८ टीबीच्या आसपास. तुकडे करावे लागलेच तर ते साठ्यामुळे, वेगामुळे नाही. हे वाक्य बोललात की मुलाखतकाराची लेखणी चालते.

लिंकचं सांकेतिक नाव किती अक्षरी? लहान-मोठी इंग्रजी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं. सहा अक्षरांत सुमारे ५,६८० कोटी नावं होतात. दहा वर्षांत लागतील ३,६५० कोटी. पुरतात.

अर्धविराम
पुरतात, पण यादृच्छिक नावं काढणार असाल तर नाही. दहाव्या वर्षी ६४ टक्के नावं वापरलेली असतील, म्हणजे एक मोकळं नाव सापडायला सरासरी पावणेतीन प्रयत्न. प्रत्येक प्रयत्न म्हणजे डेटाबेसची एक फेरी.

शिवाय पहिली टक्कर (वापरलेलं नाव पुन्हा निघणं) दहाव्या वर्षी होत नाही, पहिल्या तासातच होते. एकाच वाढदिवसाचे दोघं सापडण्याचं जे गणित, तेच इथे. ५,६८० कोटींत सुमारे २ लाख ८० हजार नावं काढली की एखादी टक्कर झालेली असण्याची शक्यता निम्मी होते, आणि रोज १ कोटी म्हणजे तासाला चार लाखांवर. त्यामुळे 'टक्कर दुर्मीळ आहे, सोडून देऊ' हे उत्तर चालत नाही. नावाच्या रकान्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तेच नाव दुसऱ्यांदा नोंदवू न देणारा डेटाबेसचा नियम) पहिल्या दिवसापासून हवाच.

सात अक्षरं घेतली तर साडेतीन लाख कोटी नावं, आणि दहा वर्षांनीही भरणा जेमतेम एक टक्का. एका जादा अक्षरात फेऱ्यांचा प्रश्न मिटतो.

तिसरी फांदी
मान्य, दुरुस्ती योग्य आहे. दुसरा मार्ग म्हणजे चढता क्रमांक घेऊन तो ६२ चिन्हांच्या अंकपद्धतीत लिहायचा. टक्कर अशक्य, पण पुढची लिंक कुणालाही ओळखता येते. आणि क्रमांक वाटणारा एकच सर्व्हर असेल तर तो बंद पडला की सगळंच बंद. म्हणून प्रत्येक सर्व्हरला हजार-हजार क्रमांकांचे गठ्ठे आधीच देतात. सर्व्हर मधेच पडला तर उरलेले क्रमांक वाया जातात, जाऊ द्यावेत.

याच प्रश्नात हमखास येणारा उपप्रश्न: रीडायरेक्ट (ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) ३०१ कोडने की ३०२ ने? ३०१ कायमचा मानला जातो, ब्राउझर तो लक्षात ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी तुमच्या सर्व्हरकडे येतच नाही. भार कमी, पण क्लिक मोजता येत नाहीत. क्लिकचा हिशेब हवा असेल तर ३०२, म्हणजे तात्पुरता. सुरुवातीला 'क्लिक मोजायचेत का?' हे विचारलं असेल तर इथे उत्तर तयार असतं.

स्टॅकओढ
वागणुकीच्या राउंडबद्दल थोडक्यात, कारण तिथे मराठी माणसाची एक खास खोड आड येते: 'आम्ही'. आम्ही ठरवलं, आम्ही बदललं, आम्ही केलं. आपल्याकडे ते नम्रतेचं, पण मुलाखतकाराला कळत नाही की यात तुमचा हात कुठे होता. टीमचं काम सांगताना 'आम्ही', स्वतःचा निर्णय सांगताना 'मी', हे जाणीवपूर्वक वेगळं ठेवा.

सहा ते आठ प्रसंग पुरतात. प्रत्येकाची परिस्थिती, जबाबदारी, कृती, निकाल, आणि वेळ दोन-अडीच मिनिटं. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ कृतीवर. लोक परिस्थिती समजावण्यातच दीड मिनिट घालवतात. अपयश विचारलं तर 'मी फार परिपूर्णतेच्या मागे लागतो' छापाचं उत्तर देऊ नका, ते ऐकून कान किटलेत सगळ्यांचे. खरी चूक, कधी लक्षात आली, त्याच आठवड्यात काय केलं, ती पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं.

लॉगवाचक
ऑनलाइन परीक्षेबद्दल दोन ओळी. लपवलेल्या टेस्ट केस असतात आणि बऱ्याच ठिकाणी जितक्या पास तितके गुण, त्यामुळे हळू का होईना, चालणारं उत्तर आधी सबमिट करा. दुसऱ्या टॅबवर गेल्याची आणि बाहेरून पेस्ट केल्याची नोंद ठेवणाऱ्या परीक्षा आहेत, म्हणून कोरा कागद जवळ ठेवा. एआय सहायक चालतो का, हे आधी रिक्रूटरला लेखी विचारा. काही ठिकाणी मुभा असते, काही ठिकाणी तेवढ्यावर बाद करतात. अंदाजाने वागायची ही जागा नाही.

अर्धविराम
आणि ऑफर लेखी हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. फोनवरचा होकार म्हणजे ऑफर नव्हे. शेअर्स दिले असतील तर ते किती वर्षांत आणि कसे मिळतात ते विचारा. चार वर्षांत वाटलेले आणि पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत काहीच नाही, ही पद्धत बरीच रूढ आहे. अकराव्या महिन्यात सोडलं तर हाती शून्य.

शून्यापासून
सगळ्यांचे आभार. वरच्या ॲरेच्या प्रश्नात एक शंका राहिली. के = ० असेल तर? रिकाम्या तुकड्याची बेरीजही शून्यच. तो धरायचा का?

तिसरी फांदी
ते मुलाखतकाराला विचारायचं! लांबी विचारली असेल तर तसा फरक पडत नाही, कारण रिकाम्या तुकड्याची लांबी ० आणि काहीच सापडलं नाही तरी आपण बहुधा ० च देतो. पण 'असे तुकडे किती' हा उपप्रश्न आला की मॅपमध्ये इंडेक्सऐवजी ती बेरीज किती वेळा आली तो आकडा ठेवावा लागतो (सुरुवातीची नोंद 'बेरीज ०, एकदा'), आणि तिथे क्रम चावतो. आत्ताची बेरीज आधी मॅपमध्ये घातली आणि मग शोध घेतला, तर के = ० असताना ती स्वतःलाच सापडते, आणि उत्तर बरोबर एन-ने जास्त येतं. आधी शोधा, मग नोंदवा.

शून्यापासून
२, ३, ४ वर के = ० चालवून पाहिलं. उलट्या क्रमाने ३ आलं, यायला हवं ०. कळलं.